चार डबे, एक पिंप

चारही डबे एकाच पिंपात ओतायचे असं नोएलीननं ठरवलं, ते काही बिअर चांगली व्हावी म्हणून नव्हे. क्लाईव्हला राग यावा म्हणून. राग आला की माणूस बोलतो, असा तिचा सरळ हिशेब होता, आणि तिचा नवरा क्लाईव्ह पाच महिने धड एक शब्द बोलला नव्हता.

फेब्रुवारीत, म्हणजे आमच्या दक्षिण गोलार्धातल्या ऐन उन्हाळ्यात, हिवाळ्यासाठी लाकडं फोडता फोडता तो अंगणात कोसळला. उजवा हात लुळा पडला. पाय ओढत का होईना, तो दोन महिन्यांत न्हाणीघरापर्यंत जायला लागला, पण वाचा गेली ती गेली. म्हणजे अगदीच गेली नव्हती. इन्व्हरकार्गिल शहरातून दर गुरुवारी मीरिआमा नावाची मुलगी यायची, अशा माणसांना बोलतं करणं हेच तिचं काम. तिनं नोएलीनला स्वयंपाकघरात बाजूला घेऊन सांगितलं होतं, "शब्द आत आहेत त्यांच्या. वाट बुजलीय. धडपड केली तर निघतील. पण ते धडपडच सोडून बसलेत, आणि जितके दिवस जातील तितकं अवघड होत जाईल."

"किती दिवस आहेत हातात?"

"तशी तारीख नाही सांगता येत."

तारीख सांगता येत नाही म्हटल्यावर नोएलीनचा जीव जो टांगणीला लागला, तो खाली आलाच नाही. मुळात ही बाई वाट बघण्यातली नव्हे. ओव्हनमधले स्कोनचे पाव ती चारदा दार उघडून बघणार, आणि मग फुगले नाहीत म्हणून पिठाच्या नावानं बोटं मोडणार. चर्चमध्ये प्रार्थना संपायच्या आत तिचं 'आमेन' म्हणून झालेलं असायचं. छत्तीस वर्षांच्या संसारात क्लाईव्हनं सुरू केलेलं वाक्य त्यानंच पूर्ण केलंय, असं आम्ही गावातल्यांनी क्वचितच ऐकलं. तो म्हणायचा, "शनिवारी मी आणि बेव्हन," आणि ही म्हणायची, "मासे पकडायला जाणार आहेत." खरंच जाणार असायचे. त्यामुळे त्याला कधी काही वाटल्याचं दिसलं नाही.

पहिल्या महिन्यात तो बोलू बघायचा. शब्द भलतेच यायचे. एकदा दलातली चार माणसं भेटायला आलेली असताना त्याला चहा हवा होता आणि तोंडातून निघालं 'शिडी'. नोएलीन लगेच त्याच्यासमोर वाकली आणि पोराला शिकवावं तशी म्हणाली, "शिडी नाही रे, चहा. म्हण बघू. च-हा." वाईट हेतू काडीचा नव्हता. पण ती चौघं छताकडे बघायला लागली, आणि त्या दिवसापासून क्लाईव्हनं तोंडाला कुलूप घातलं. नोएलीन सगळ्यांना सांगत सुटली की दुखणं वाढलंय.

दल म्हणजे आमच्या गावाचं अग्निशामक दल. सगळे हौशी, कुणी खाटीक, कुणी मेंढ्यांची लोकर कापणारा, कुणी मच्छीमार. भोंगा वाजला की हातातलं टाकून पळायचं. क्लाईव्ह एकोणीस वर्षं त्यांचा प्रमुख होता, सगळे त्याला चीफच म्हणायचे, आणि दलाच्या प्रत्येक मेजवानीला बिअर क्लाईव्हच्या घरची असायची. आता सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी दलाला पंच्याहत्तर वर्षं पुरी होणार होती.

घरी बिअर करणं ही आमच्याकडे काही मोठी करामत नाही. दर तिसऱ्या घरात गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात, वाळत घातलेल्या टॉवेलांच्या आणि चड्ड्यांच्या शेजारी, एक प्लास्टिकचं भांडं गुडगुडत असतं. दुकानातून डबा आणायचा, त्यातला काकवीसारखा घट्ट काळपट पाक गरम पाण्यात विरघळवायचा, साखर घालायची, डब्याच्या झाकणाखाली चिकटवलेली यीस्टची पुडी टाकायची आणि हात धुऊन मोकळं व्हायचं. कुणालाही जमतं. पण क्लाईव्हच्या बिअरला चव होती, आणि त्याचा एक नियम होता: एक डबा, एक भांडं. दोन जातींचे डबे एकत्र करणं याला तो भेसळ म्हणायचा. त्याचा जिवलग मित्र बेव्हन यानं एकदा लागर आणि स्टाउट एकत्र केली होती, नुसती गंमत म्हणून, तर क्लाईव्ह आठ दिवस त्याच्याशी बोलला नव्हता. त्या आठ दिवसांच्या आधी मात्र तब्बल अर्धा तास बोलला होता. नोएलीनला तो अर्धा तास आठवत होता.

कपाटातल्या फळीवर चार डबे उरले होते, चारही वेगळे. एक पिवळ्या लागरचा, एक कडवट बिटरचा, एक काळ्याकुट्ट स्टाउटचा, आणि चौथ्याचं लेबल ओल लागून गळून पडलेलं. एका डब्याची बिअर होते तेवीस लिटर. चारांची ब्याण्णव. दलाला लागणार होती नव्वद. नोएलीन डबे छातीशी धरून बैठकीच्या खोलीत गेली. शेकोटीजवळच्या आरामखुर्चीत क्लाईव्ह खिडकीबाहेर बघत बसला होता.

"क्लाईव्ह, दलासाठी बिअर मी करतेय. हे चारही एकात ओतणार आहे."

त्यानं मान वळवली. डब्यांकडे बघितलं, मग तिच्याकडे. डावी भुवई कपाळात चढली. पाच महिन्यांत त्या चेहऱ्यावर एवढी हालचाल झाली नव्हती. नोएलीन तशीच उलट पावली फिरली आणि बेव्हनला फोन केला.

बेव्हननं मधवाल्याकडचं शंभर लिटरचं पिंप आणलं, घट्ट झाकणाचं, आणि दारातच अडून बसला. "ठेवायचं कुठं हे? कपाटात मावत नाही. आणि एकदा भरलं की आपल्या दोघांच्या बापालाही हलायचं नाही."

"चीफच्या शेजारी."

"कुठं?"

"त्याच्या खुर्चीशेजारी. जुलैच्या अखेरीस, ऐन थंडीत, या घरात ऊब असलेली जागा तेवढी एकच आहे. त्याच्यासाठी शेकोटी चोवीस तास पेटलेली असते, तिच्यावर बिअरही होईल."

"नोएलीन, त्याच्या डोळ्यांदेखत चार डबे एकत्र करायचे? मला तर इथं उभं राहायची लाज वाटतेय."

"मग बाहेर उभा राहा आणि पाणी आत दे."

अशा बाईपुढे बोलून काय फायदा. पिंप आरामखुर्चीपासून हातभर अंतरावर, भिंतीला टेकवून ठेवलं गेलं. डबे गरम पाण्याच्या टबात बसले. नोएलीननं बाह्या सरसावल्या आणि आधी लागरचा डबा उपडा केला. सोनेरी पाक सावकाश खाली उतरला. ती चमच्यानं डबा खरवडत होती आणि मोठ्या आवाजात सांगत होती, जसं काही क्लाईव्हला ऐकूही कमी येत होतं. "ही गेली लागर. आता हिच्यावर कोण? स्टाउट. थेट डोक्यावर."

काळा पाक सोनेरीवर पडला. खोलीभर भाजक्या धान्याचा गोड, जड वास सुटला. क्लाईव्हची डाव्या हाताची बोटं खुर्चीच्या हातावर रुतली.

"चीफ बघतोय," बेव्हन पुटपुटला.

"बघू दे. त्यासाठीच चाललंय सगळं."

तिसरा गेला, चौथा बिनलेबलाचा गेला. साखर गेली. बेव्हननं बादल्या भरभरून पाणी ओतलं. नोएलीननं चार पुड्या हातात पत्त्यांसारख्या पसरल्या. "यातली कुठली टाकू?"

"एकच टाक. नाहीतर दोन. चार जावा एका चुलीवर कशाला?"

"चारही टाकते." तिनं क्लाईव्हकडे बघत चारही फाडल्या.

तेव्हा आवाज आला. क्लाईव्हच्या घशातून, अगदी खोलातून. "स..." त्याचे ओठ वाकडे झाले, मानेची शीर ताठ झाली. "स..."

"काय? साखर?" नोएलीनच्या हातातल्या पुड्या तशाच पिंपात उलटल्या. "साखर जास्त झाली? सगळ्या? सगळ्या नको? साबण? भांडं नीट धुतलं नाही म्हणतोस? सांग ना. स, स काय? सकाळी? सोड? सावकाश?"

क्लाईव्हचं तोंड मिटलं. तो पुन्हा खिडकीकडे बघायला लागला.

"बघितलंस?" नोएलीनचे गाल लाल झाले होते. "बोलणार होता. अगदी जिभेवर होतं त्याच्या."

"बोलू दिलं असतंस तर..."

"मी काय त्याचं तोंड दाबून धरलं होतं? उलट मदत करत होते."

बेव्हननं रिकाम्या बादल्या एकात एक घातल्या. त्याला दुसऱ्या दिवशी पहाटे बोट घेऊन बाहेर पडायचं होतं, खेकडे आणि शेवंडांच्या मागे, चार-पाच दिवस. जाताना त्यानं एवढंच बजावलं, "झाकण घट्ट लाव, झाकणावर मी बसवलीय त्या वाकड्या नळीत थोडं पाणी घाल. बिअर आंबायला लागली की त्या नळीतून बुडबुडे येतील. आले की समज चाललंय. आणि नोएलीन, उघडू नको. काही झालं तरी उघडू नको."

तिनं संध्याकाळीच उघडलं.

उघडलं ते नुसतं बघायला. झाकणाखाली रबरी कडं होतं, त्याला मधाचा चिकटा लागल्यासारखा वाटला, म्हणून तिनं ते काढून धुतलं आणि भांड्यांच्या जाळीत वाळत ठेवलं. मग फोन आला, मग क्लाईव्हची गोळी, मग मटणाचे चॉप जळायला लागले. झाकण बसलं कड्याशिवायच. आता इथं ज्यानं एकदा तरी बिअर केलीय तो कपाळावर हात मारून घेईल. कडं नाही म्हणजे झाकण घट्ट नाही, म्हणजे आतली हवा कडेनं निघून जाणार, नळीत एकही बुडबुडा येणार नाही, आणि बिअर मात्र आत तिच्या तिच्या गतीनं होत राहणार. पण नोएलीनला सांगणार कोण? बेव्हन समुद्रावर. आणि ज्याला सगळं कळत होतं तो हातभर अंतरावर गप्प बसला होता.

दुसऱ्या दिवशी नळी गप्प. नोएलीननं कपडे धुतले आणि बघितलं, भाजी चिरली आणि बघितलं. तिसऱ्या दिवशी झाकण उघडलं, तर आत तपकिरी, चिकट, गाठीगाठींचा थर. "सडली," ती म्हणाली, आणि मोठ्या डावानं ती सगळी घाण काढून बादलीत भरून मागच्या अंगणात फेकून आली. ती घाण म्हणजे आंबत्या बिअरचा फेस होता, दुसरं काही नाही. क्लाईव्हनं डोळे मिटून घेतले.

"काही म्हणायचंय तुला?" ती ओलसर डाव घेऊन त्याच्यापुढे उभी राहिली. "म्हण ना. शिव्या घाल. बेव्हनला घातल्यास तशा घाल. मी तुझ्या बिअरचा सत्यानाश करतेय, दिसत नाही का तुला?"

तो बघत राहिला. तिनं सात-आठ क्षण वाट बघितली, तिला ते फार लांब वाटले, आणि मग ती चहा करायला निघून गेली.

चौथ्या दिवशी तिला वाटलं ऊब कमी पडतेय. तिनं आपल्या पलंगावरचं विजेचं पांघरूण काढून पिंपाला गुंडाळलं. मग वाटलं यीस्टच मेलंय, तर पाव करायच्या बरणीतलं दोन चमचे आत टाकलं आणि डावानं घुसळलं. क्लाईव्हचं काचेचं मापक असतं ना, बिअरमध्ये तरंगतं ते, ते तिनं कपाटातून शोधून काढलं. त्यावरून कळतं म्हणतात साखर किती खपली. ते तिच्या ओल्या हातातून सुटलं आणि शेकोटीच्या फरशीवर फुटलं. ती खाली बसून काचा वेचायला लागली आणि वेचता वेचता तिला रडू आलं. काचेसाठी नव्हे. क्लाईव्ह तिच्याकडे बघत होता आणि त्याच्या डोळ्यांत राग नव्हताच, कीव होती. किवेचं ती काय करणार?

त्या दुपारी ती दूध आणायला म्हणून बाहेर पडली आणि दुकानाजवळच्या फोनच्या खोक्यात शिरली. हे ती फेब्रुवारीपासून करत होती, आणि कुणाला कळलं असतं तर मेली असती लाजेनं. तिनं आपल्याच घरचा नंबर फिरवला. घरात क्लाईव्ह उचलणार नाही हे ठाऊक होतं. सहा वेळा वाजल्यावर निरोपाच्या यंत्रावर त्याचा आवाज आला. "नोएलीन आणि क्लाईव्ह आत्ता घरी नाहीत. काय सांगायचं ते सांगा, पण थोडक्यात." जाड, आळसावलेला, मिशीतल्या मिशीत हसणारा आवाज. तिनं दोनदा ऐकला. मग दूध घेतलं आणि नाक पुसत घरी आली. आपला माणूस घरात बसलेला असताना त्याचा आवाज ऐकायला रस्त्यावरून फोन करायचा, यापरीस वाईट काय असतं ते मला तरी माहीत नाही.

गुरुवारी मीरिआमा आली. पिंप, पिंपाला गुंडाळलेलं फुलाफुलांचं पांघरूण, शेजारी क्लाईव्ह, असं सगळं बघून तिला हसू आलं, पण तिनं आवरलं. चित्रांचे पत्ते काढले. एक त्याच्यापुढे धरला. "क्लाईव्ह, हे काय आहे?"

"बोट," नोएलीन म्हणाली.

"नोएलीन, मी त्यांना विचारलं."

"हो हो. बोट आहे हे त्याला माहीत आहे म्हणून म्हटलं. बेव्हनची अशीच आहे."

"आणि हे?"

क्लाईव्हचे ओठ हलले. "क..."

"किटली," नोएलीन म्हणाली. "कप? किटलीच आहे ना ती?"

मीरिआमानं पत्ते गोळा केले. निघताना दारात ती नोएलीनला म्हणाली, "तुम्ही त्यांच्यासाठी किती करता ते दिसतंय मला. पण त्यांनी सुरुवात केली की तुम्ही थांबायचं. नुसतं थांबायचं."

"मी थांबतेच की. दिवसभर दुसरं काय करते मी? थांबतेच."

आणि तिला खरंच तसं वाटत होतं. हीच तर मोठी अडचण होती. मीरिआमाची गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत नोएलीन दारात धुमसत उभी राहिली. कालची शाळा सुटलेली पोर, आपल्याला आपल्या नवऱ्याशी कसं वागावं ते शिकवतेय. मग आत येऊन तिनं पिंपाचं झाकण उचलून बघितलं. फेस नाही, बुडबुडा नाही. गढूळ, मठ्ठ, करड्या रंगाचं पाणी.

सहाव्या दिवशी दुपारी तिनं हात टेकले. दिवस मोजायला तिला मापक लागत नव्हतं. बिअर बाटल्यांत भरल्यावर तीन आठवडे तरी मुरायला हवी, आणि त्याआधी ती व्हायला हवी. नव्वद लिटर मेलेलं पाणी घेऊन मेजवानीला जाण्यापेक्षा दलानं पबमधून पिंपं मागवावीत, तेच बरं. तसं तिनं दलाच्या चिटणिसाला फोनवर सांगूनही टाकलं. ते सांगताना तिनं दोनदा नाक ओढलं. चिटणिसाला वाटलं बिअरचं दुःख. तिला दुःख होतं ते याचं की तिची सगळी युक्ती फुकट गेली होती, आणि दुसरी युक्ती तिच्याजवळ नव्हती. आता क्लाईव्ह असाच राहील. खिडकीबाहेर बघत. दहा वर्षं, पंधरा वर्षं. आणि एक दिवस त्या यंत्राची फीतही झिजून जाईल.

बेव्हनची बोट सकाळीच परतली होती. नोएलीनचा निरोप मिळताच तो मिठाचा वास मारत, गुंडाळलेली लांब रबरी नळी खांद्यावर टाकून आला. एक टोक खिडकीतून बाहेर सोडलं, दुसरं हातात धरलं.

"हाय चीफ," तो म्हणाला, आणि मग नोएलीनला, "एकही बुडबुडा नाही आला म्हणतेस?"

"एकही नाही."

"पण वर फेस तरी आला असेल. तपकिरी, चिकट..."

"घाण आली होती. काढून टाकली मी."

"घाण? अगं थांब, ती जर..."

"बेव्हन, माझ्यात आता ताकद नाही. नळी घाल आणि ओढून काढ सगळं. गुलाबांना घाल, रस्त्यावर सोड, कुठं सोडायचं तिथं सोड. मला हे पिंप डोळ्यांपुढे नकोय."

तिनं पांघरूण ओढून बाजूला टाकलं. झाकण दोन्ही हातांनी धरलं. चिकट झाल्यामुळे ते लवकर सुटेना, म्हणून ती गुडघे टेकून खाली बसली आणि बोटं कडेखाली घालायला लागली.

क्लाईव्हनं डावी मूठ खुर्चीच्या हातावर आपटली. एकदा. मग पुन्हा.

नोएलीननं मान वर केली. एरवी ती त्याच्यासमोर उभी असायची, आणि तो खाली बसलेला. आज पहिल्यांदाच दोघांचे चेहरे एका पातळीवर होते, फूटभर अंतरावर.

"ह..." क्लाईव्ह म्हणाला.

"हवा?" ती म्हणाली. "खिडकी लावू? हुडहुडी भरली का..."

आणि बोलता बोलताच तिनं बघितलं. तिच्या 'हवा'बरोबर त्याच्या ओठांची धडपड थांबली. 'खिडकी'बरोबर ओठ एकमेकांना टेकले. 'हुडहुडी'बरोबर जबडा मिटला आणि डोळ्यांतलं काहीतरी मागे सरलं. दुखणं नव्हतं ते. तो दार लोटून घेत होता, कारण ती आत घुसत होती. कालही असंच झालं होतं, चार पुड्या फाडल्या तेव्हाही. शिडीच्या दिवशीही. पाच महिने ती ज्या दुखण्यावर औषध शोधत होती, ते अर्धं तिच्याच तोंडात होतं.

ती काही बोलली नाही.

काही न बोलणं तिला किती जड गेलं ते शब्दांत सांगणं कठीण आहे. जिभेवर 'हात' होता, 'हळू' होता, 'हो' होता, पुढचे पन्नास शब्द दाराशी दाटीवाटीनं उभे होते. तिनं खालचा ओठ दातांखाली धरला. शेकोटीतलं एक लाकूड खचलं. क्लाईव्ह तिच्याकडे बघत होता, ही आता कधी सुरू होतेय याची वाट बघत. ती सुरू झाली नाही. बाहेर रस्त्यावरून एक ट्रक गेला, चढावर त्यानं गिअर बदलला, आणि त्याचा आवाज पार पुलापलीकडे विरून जाईपर्यंत खोलीत कुणी बोललं नाही.

"हीटर लावू का, चीफ?" बेव्हनला राहवलं नाही.

नोएलीननं वळून न बघता त्याच्या नडगीवर चापट मारली.

आणि त्या गप्पपणात तिला ऐकू आलं. तिच्या हाताखाली, झाकणाच्या कडेनं, बारीक सूं सूं चाललं होतं, थांबून थांबून, सोड्याच्या बाटलीचं बूच ढिलं असावं तसं. बोटांना गार फुंकर लागत होती. सहा दिवस हे चालू असणार. सहा दिवस क्लाईव्ह याच्या शेजारी बसून ते ऐकत असणार. तिनं या खोलीत कधी एवढा वेळ तोंड मिटलंच नव्हतं. तिला ओरडून सांगावंसं वाटलं, बेव्हन, ही जिती आहे, ऐक. तिनं तेही गिळलं. तिच्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं, ते पुसायलाही तिनं हात हलवला नाही.

क्लाईव्हचे ओठ सुटले. मानेची शीर ताठ झाली. "ह... हा..." चेहरा वाकडा झाला, लाळेचा एक थेंब हनुवटीवर आला. नोएलीनच्या हाताला सवयीनं रुमाल आठवला. तिनं हात झाकणावरच ठेवला. "हात," क्लाईव्ह म्हणाला.

बेव्हनच्या हातातलं नळीचं टोक खाली पडलं.

"हात... ला... लावू..." मग फार वेळ काहीच नाही. इतका वेळ की नोएलीनला वाटलं संपलं, आणि तरी ती बसून राहिली. "लावू... नको."

यंत्रातला आवाज नव्हता हा. घोगरा होता, तुटका होता, कुणा परक्या म्हाताऱ्याचा असावा तसा. नोएलीननं झाकणावरून हात उचलले आणि मांडीत घेतले. घशाशी आलेलं सगळं, बरं, नाही लावत, बघ, नाही लावलाय, बोललास की रे, बोललास, हे सगळं तिथंच दाबून धरलं. कारण तो थांबला नव्हता. तो श्वास गोळा करत होता. डोळे तिच्यावर रोखलेले होते, आणि त्यांत आता राग होता, जुना, मुरलेला, पाच महिन्यांच्या कितीतरी आधीचा.

"मला," क्लाईव्ह म्हणाला.

बेव्हन भिंतीला टेकला. खिडकीतून येणाऱ्या गार हवेनं पडदा हलत होता.

"मला... बो..." त्यानं मान झटकली, शब्द सुटला, त्यानं पुन्हा पकडला. "बोलू... दे."

अरे, मी कधी नाही म्हटलं तुला, हे उत्तर नोएलीनच्या तोंडात तयार होतं. छत्तीस वर्षं तयार होतं. तिनं तोंड उघडलं, आणि मिटलं. क्लाईव्हनं थोडा वेळ वाट बघितली. मग त्यानं पुढचा शब्द शोधायला सुरुवात केली, आणि ती गुडघ्यांवर तशीच बसून राहिली.